सीडीफोर कमी आली, तर त्याच रक्ताची बुरशीसाठीही तपासणी करा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१ डिसेंबरला जागतिक एड्स दिन झाला. आपल्या जिल्हा पानावर रॅलीचा आणि शपथेचा फोटो आला. कॉलेजची मुलंमुली एवढ्या संख्येनं रस्त्यावर आली याचा मला मनापासून आनंद आहे. मीही त्या रॅलीत चालले. पण दरवर्षी या दिवशी एचआयव्ही होऊ नये म्हणून काय करावं एवढंच बोललं जातं. ज्याला तो आधीच आहे, ज्याच्या गोळ्या मधेच सुटल्या, जो पार सुकून गेला आणि आता कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेत दवाखान्यात आला, त्या माणसाचं पुढच्या दोन महिन्यांत काय होतं यावर मी वर्तमानपत्रात कधी काही वाचलेलं नाही. अशा माणसाची सीडीफोर, म्हणजे प्रतिकारशक्तीचा आकडा, खाली गेलेली असते, आणि त्याच्या रक्तात एक बुरशी वेळेत शोधायला हवी, हे सांगायला हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्यावं.

मी यवतमाळ जिल्ह्यातली. आमचं गाव नागपूर-हैदराबाद महामार्गापासून आत आहे. माझे पती ट्रकवर होते. सरकारनं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या फुकट द्यायला १ एप्रिल २००४ ला सुरुवात केली; ते त्याच्या आदल्या वर्षी गेले. मी स्वतः २००७ पासून गोळ्या घेते आहे, एकही गोळी चुकवलेली नाही. आज माझी तब्येत तुमच्या-माझ्या वयाच्या कुठल्याही बाईसारखी आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी गेली अनेक वर्षं फिरतीचं काम करते. ज्यांनी गोळ्या घ्यायला येणं बंद केलं त्यांना शोधायचं, घरी जाऊन बसायचं, समजवायचं, परत गोळ्या मिळतात त्या एआरटी सेंटरवर आणायचं, असं ते काम.

या कामात मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघितली. आम्ही कष्टानं परत आणलेला माणूस गोळ्या सुरू करतो, घरच्यांना वाटतं आता सुधारेल, आणि काही आठवड्यांत तो डोकेदुखीनं जातो. मग गावात एकच वाक्य फिरतं. 'एआरटीच्या गोळीनंच नेलं त्याले.'

गोळीनं नेत नाही. नेते ती बुरशी. तिचं नाव क्रिप्टोकॉकस. ती आधीपासूनच अंगात असते, आणि आपण ती बघितलेली नसते.

मी डॉक्टर नाही. पण आमच्या संस्थेच्या प्रशिक्षणांत आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे समजलं, ते वाचकांना समजेल असं सांगते. ही बुरशी मातीत असते, कबुतरांच्या विष्ठेत असते, झाडांच्या ढोलीतल्या कुजलेल्या लाकडात असते. आपल्या देशातल्या संशोधकांना ती जांभूळ आणि बकुळीच्या ढोलीत सापडलेली आहे. धुळीबरोबर ती श्वासातून फुप्फुसात जाते. ती कुणाच्याही श्वासात जाऊ शकते, पण ज्याची प्रतिकारशक्ती शाबूत आहे त्याला बहुधा काही होत नाही. शरीर तिला तिथंच दाबून ठेवतं. एचआयव्हीनं शक्ती खाली आली की ती रक्तात उतरते आणि रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. त्याला क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस म्हणतात. उपचार झाला नाही तर माणूस वाचत नाही. आणि एक गोष्ट ठळक करून छापावी ही विनंती: ही बुरशी एका माणसापासून दुसऱ्याला लागत नाही. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, लेकरांना जवळ जाऊ न देणं, हे काहीही करायची गरज नाही. मी अशी घरं पाहिली आहेत जिथं माणूस शेवटचे दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत एकटा पडून होता.

प्रतिकारशक्ती मोजायची तपासणी म्हणजे सीडीफोर. आमच्या लोकांना हा आकडा तोंडपाठ असतो. बायका एकमेकींना भेटल्या की विचारतात, 'तुमची किती आली जी?' सीडीफोर २०० च्या खाली गेली की त्या अवस्थेला प्रगत एचआयव्ही म्हणतात. १०० च्या खाली गेली की या बुरशीचा धोका फार वाढतो. जगभरातल्या अभ्यासांचा हिशोब मांडून संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की सीडीफोर १०० च्या खाली असलेल्या दर शंभर माणसांत साधारण सहा जणांच्या रक्तात ही बुरशी सापडते. त्यातल्या कित्येकांना त्या दिवशी काहीच त्रास होत नसतो. चालत येतात, चालत जातात.

आणि इथंच माझं म्हणणं आहे. मेंदूपर्यंत जाण्याच्या काही आठवडे आधी या बुरशीच्या कवचाचा अंश रक्तात दिसायला लागतो. तो शोधायची पट्टी आहे. तिला क्रॅग म्हणतात. कोविडच्या वेळी घरोघरी पट्ट्या पाहिल्या, तशीच ती दिसते: रक्ताच्या पाण्याचा थेंब, वर औषधाचा थेंब, पट्टी उभी करायची, दहा मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर आहे. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही, नागपूरला नमुना पाठवावा लागत नाही. साध्या खोलीत ती टिकते. आपल्याकडच्या मे महिन्यात तेवढी लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवावी लागेल, आणि किट ठेवायला फ्रिज प्रत्येक लॅबमध्ये असतो. ही पट्टी २०११ पासून वापरात आहे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की ज्यांची सीडीफोर १०० च्या खाली आहे त्यांची ही तपासणी करा. २०१८ मध्ये पुन्हा सांगितलं, आणि २०० पर्यंतच्या रुग्णांचीही करावी असा विचार मांडला. आपल्या देशाच्या एचआयव्ही उपचाराच्या सूचनांतही प्रगत एचआयव्हीच्या माणसाची वेगळी काळजी घ्यायला सांगितलेलं आहे. प्रश्न कागदाचा राहिलेला नाही. ती पट्टी आमच्या तालुक्यापर्यंत, त्या माणसाच्या रक्तापर्यंत, त्याच दिवशी पोचते की नाही, एवढाच आहे.

माझ्या धाकट्या दिरांचं सांगते. त्यांच्या बायकोची, माझ्या जावेची, परवानगी घेऊन सांगते.

भाऊजी तेलंगणात कापसाच्या जिनिंगवर कामाला होते. तिथं गोळ्या कुठं घ्यायच्या, कुणाला सांगायचं, मुकादमाला कळलं तर काम जाईल, या सगळ्यात गोळ्या सुटल्या. हंगाम संपल्यावर गावी आले ते अर्धे होऊन. तोंडात पांढरा थर, घास गिळवत नव्हता. मीच त्यांना सेंटरवर नेलं. गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या, रक्त घेतलं. सीडीफोर ३८ आली. पण तो रिपोर्ट तयार झाला तेव्हा भाऊजी घरी होते. कुणी बोलावलं नाही, कारण पुढची तारीख महिन्याची दिलेलीच होती. त्याच नळीतल्या उरलेल्या रक्तावर पट्टी लावायची पद्धत तिथं नव्हती.

पहिले काही दिवस बरे गेले. तोंडातलं पांढरं गेलं, ते जेवायला लागले. जावेनं ज्वारीची भाकर आणि पातळ वरण समोर ठेवलं की पूर्ण संपवायचे. मग तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मला फोन आला. 'वहिनी, डोकं नुसतं ठणकून रायलं. उजेडाकडे पाह्यवत नाही.' गावाजवळच्या डॉक्टरनं टायफॉइड म्हणून सलाईन लावलं. दोन दिवस बरं वाटलं. मग ओकाऱ्या. मग एकाचे दोन दिसायला लागले. मग ते असंबद्ध बोलायला लागले, स्वतःच्या मुलीला ओळखेनात, आणि घरातली म्हातारी माणसं म्हणाली की हे बाहेरचं आहे. मांत्रिकाकडे नेलं. मी बाहेरगावी कामावर होते, येईपर्यंत अंगारा लावून झाला होता. जाऊ मला धरून म्हणाली, 'बाई, हा माणूस माह्या नवऱ्यासारखा बोलून नाही रायला.'

मोठ्या दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर म्हणाले, पाठीतलं पाणी काढावं लागेल. आमच्याकडं पाठीतलं पाणी म्हटलं की घरच्यांचे पाय गळतात. 'पाठीतलं पानी काढलं का मानूस जिंदगीभराचा अपंग होते,' असं सासऱ्यांनी ठामपणे सांगितलं आणि सही करायला नकार दिला. ही समजूत विदर्भातल्या प्रत्येक वॉर्डात भेटते, म्हणून इथं थांबून सांगते. या आजारात डोक्यातला दाब वाढतो, आणि पाठीतलं पाणी काढल्यानं तो उतरतो. डोकेदुखी त्यामुळंच कमी होते. काही जणांचं पाणी पुन्हा पुन्हा काढावं लागतं. न काढल्यानं डोळे जातात, जीव जातो. सही व्हायला दुसरा दिवस उजाडला. पाणी काढल्यावर भाऊजी तासाभरात शुद्धीवर आले, मुलीचं नाव घेतलं. पाण्यात बुरशी निघाली. ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाचं इंजेक्शन सुरू झालं. त्या वॉर्डातल्या सिस्टर आणि शिकाऊ डॉक्टर रात्र-रात्र जागले. मी त्यांना कधीही दोष देणार नाही. पण तोवर फार उशीर झाला होता. भाऊजी गेले.

तेराव्याला लोक आले तेव्हा माझ्यासमोर बोलत होते, की गोळ्या सुरू केल्या नसत्या तर माणूस जगला असता. त्यानंतर आमच्या पंचक्रोशीतल्या काही जणांनी गोळ्या घेणं बंद केलं. त्यांना परत आणायला जे बोलावं लागलं, ते बोलताना माझ्याकडं सांगण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे खरं काय घडलं ते.

खरं असं घडतं. एआरटी सुरू झाली की शरीराची फौज पुन्हा उभी राहते. मेंदूच्या आवरणात जर बुरशी लपलेली असेल तर ही नवी फौज तिच्यावर तुटून पडते, आणि त्या झटापटीत सूज येते, दाब वाढतो, माणूस अचानक बिघडतो. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. या बुरशीचा मेनिंजायटिस झालेल्या ज्या रुग्णांना एक-दोन आठवड्यांत एआरटी दिली, त्यांतले ४५ टक्के सहा महिन्यांत दगावले. ज्यांची पाच आठवडे थांबून सुरू केली, त्यांतले ३० टक्के. म्हणून आता या आजारात आधी बुरशीचा उपचार करतात आणि एआरटी चार ते सहा आठवडे थांबवून सुरू करतात. म्हणजे क्रम महत्त्वाचा आहे, आणि क्रम ठरवायला आधी कळायला हवं की बुरशी आहे की नाही. दहा मिनिटांच्या पट्टीशिवाय ते कळणार कसं? यातून कुणी असा अर्थ मात्र काढू नये की एआरटी उशिरा सुरू करावी. ज्याच्या रक्तात बुरशी नाही त्याची गोळी एक दिवसही लांबवू नये. आणि ज्याच्या रक्तात आहे त्याचा निर्णय डॉक्टरांनी करावा, गावानं नाही.

आता दुसरी बाजू. आमच्याच जिल्ह्यातली एक शेतमजूर बाई, तिशीतली. नवरा गेल्यावर तिनं स्वतःची तपासणी टाळली होती. आली तेव्हा सीडीफोर भाऊजींपेक्षाही कमी. ती ज्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोचली तिथं पट्टी होती आणि लावणारा माणूस होता. दोन रेघा आल्या. बाईला डोकेदुखी नव्हती, ताप नव्हता. तरीही तिला समजावून पाठीतलं पाणी काढलं; ते स्वच्छ निघालं, म्हणजे बुरशी अजून मेंदूपर्यंत गेली नव्हती. फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या: पहिले दोन आठवडे मोठा डोस, मग काही आठवडे निम्मा, मग रोजची छोटी मात्रा, सीडीफोर वर येईपर्यंत. एआरटी डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवशी सुरू झाली. ना सलाईन, ना वॉर्ड, ना कर्ज. या हंगामात ती कापूस वेचायला जाते आहे. मी परवा तिच्याकडं गेले होते, वेचणीचा भाव आणि मुलाच्या दहावीचा फॉर्म याशिवाय आमचं दुसरं काही बोलणं झालं नाही.

फ्लुकोनॅझोल ही गोळी गावातल्या प्रत्येक मेडिकलवाल्याकडे आहे. गजकर्णासाठी लोक सर्रास घेतात. म्हणून स्पष्ट लिहिते: गजकर्णाची ती १५० मिलिग्रॅमची आठवड्याची गोळी या बुरशीला पुरत नाही. इथं सुरुवातीला रोजचा डोस ८०० मिलिग्रॅम असतो, तो डॉक्टरनंच द्यायचा असतो, लिव्हरवर नजर ठेवावी लागते, आणि बाई गरोदर असेल तर तो प्रश्न वेगळाच सोडवावा लागतो. हे पत्र वाचून कुणी दुकानातून गोळ्या घेऊ नयेत. पण गोळी स्वस्त आहे, जुनी आहे, आपल्याच देशात बनते, हेही खरं.

ती वेळ चुकली की मग काय लागतं ते बघा. मेनिंजायटिस झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ पासून सांगितलेला उपचार म्हणजे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी चा एकच मोठा डोस, वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, आणि सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोल. आफ्रिकेतल्या पाच देशांत अभ्यास होऊन हे ठरलं. जुन्या पद्धतीत रोज सलाईनमधून ॲम्फोटेरिसिन द्यावं लागे, त्यानं किडनीला त्रास होई, पोटॅशियम खाली जाई. नवी पद्धत त्याहून सोपी आहे. पण त्या अभ्यासातही, जिथं औषध हाताशी होतं, डॉक्टर हाताशी होते, तिथंही दहा आठवड्यांत शंभरातले जवळपास पंचवीस रुग्ण दगावले. उत्तम उपचार मिळूनही चौघांत एक. मग आमच्याकडचा, टायफॉइडच्या सलाईनवरून आणि अंगाऱ्यावरून फिरत आलेला माणूस किती वाचेल, हे वाचकांनीच समजावं. जगात अजूनही दरवर्षी एक लाखाहून अधिक लोक या आजारानं जातात. एड्समुळं होणाऱ्या दर पाच मृत्यूंत जवळपास एक याचा असतो, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो.

ॲम्फोटेरिसिन हे नाव विदर्भाला नवं नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीची साथ आली तेव्हा नागपुरात लोक या इंजेक्शनसाठी रांगा लावून उभे होते, आणि त्याच मे महिन्यात आपल्या वर्ध्यातल्या कारखान्यात ते बनायला सुरुवात झाली. त्या वेळी प्रशासनानं ठरवलं आणि काही दिवसांत सगळं हललं, हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिलं. ही दुसरी बुरशी साथीसारखी एकदम येत नाही. एका तालुक्यात वर्षाला एक-दोन माणसं जातात, वेगवेगळ्या गावांत, आणि घरचे आजाराचं नाव कुणाला सांगत नाहीत. म्हणून त्याची बातमी होत नाही. पण तीही विदर्भाचीच माणसं आहेत.

मी काय मागते आहे ते सांगते. दक्षिण आफ्रिकेनं २०१६ पासून देशभर एक साधी पद्धत लावली. सीडीफोर १०० च्या खाली आली, की लॅबनं डॉक्टरच्या चिठ्ठीची वाट न बघता, रुग्णाला पुन्हा न बोलावता, त्याच नळीतल्या उरलेल्या रक्तावर क्रॅगची तपासणी करायची. बस. आमच्यासारख्या भागात हीच पद्धत हवी, कारण आमचा माणूस एसटीनं येतो, मजुरी पाडून येतो आणि रक्त देऊन निघून जातो. रिपोर्ट येईस्तोवर तो गावाला पोचलेला असतो. त्याला 'पुन्हा या, अजून एक तपासणी आहे' असं सांगणं म्हणजे तपासणी न करणंच. जिथं सीडीफोर होते तिथंच पट्टी लागावी, दोन रेघा आल्या तर सेंटरनं त्याच दिवशी फोन करावा, फोन लागला नाही तर आमच्यासारख्या फिरतीच्या बाईला पाठवावं. आम्हाला घर माहीत असतं. माणसाचं नाव बाहेर न फोडता दार कसं वाजवायचं हेही माहीत असतं.

यात परत आलेल्यांना विसरू नये. नवा रुग्ण आला की त्याच्या सगळ्या तपासण्या होतात. पण ज्यानं वर्षभर गोळ्या सोडल्या आणि आता परत आला, त्याला पुष्कळदा जुन्या पुस्तकावर गोळ्या देऊन पाठवलं जातं. आज आमच्याकडं सीडीफोर अशी खाली गेलेले बहुतेक जण हेच असतात: जिनिंगवाले, वीटभट्टीवाले, ट्रकवाले, मिरची तोडायला तेलंगणात जाणारे. त्यांची सीडीफोर, क्रॅग, टीबीची तपासणी ही नव्यासारखीच व्हायला हवी. टीबीचं नाव मुद्दाम घेते, कारण आमच्याकडं टीबी इतका आहे की डोकेदुखी आणि ताप असला की मेंदूचा टीबी समजून औषध सुरू होतं आणि बुरशी मागं राहते. कधी दोन्ही असतात.

आणि पहिला महिना. टांझानिया आणि झांबियातला एक अभ्यास २०१५ मध्ये आला. सीडीफोर २०० च्या खाली असलेल्या रुग्णांची क्रॅग तपासणी केली आणि एआरटीच्या पहिल्या चार आठवड्यांत प्रशिक्षण दिलेली साधी माणसं दर आठवड्याला त्यांच्याकडं जाऊन आली. डॉक्टर नाही, नर्स नाही, आमच्यासारखी माणसं. गोळ्या पोचवल्या, चौकशी केली, कुणाचं डोकं दुखतं का ते विचारलं. मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. हे वाचून मला जे वाटलं ते इथं मांडता येत नाही. हे काम आम्ही करू शकतो. आम्हाला दर आठवड्याच्या एसटीच्या भाड्याची आणि यादीची गरज आहे. महिन्याची तारीख देऊन घरी पाठवलेल्या माणसाचा सर्वांत वाईट काळ त्या महिन्यातच असतो.

आरोग्य खात्यातल्या अधिकाऱ्यांना हे पत्र दिसलं तर त्यांनी आपल्या भागातल्या सेंटरवर एवढंच विचारावं: गेल्या तीन महिन्यांत ज्यांची सीडीफोर १०० च्या खाली आली त्यांतल्या किती जणांची क्रॅग झाली, आणि आज कपाटात पट्ट्या व फ्लुकोनॅझोल किती आहेत. उत्तर चांगलं आलं तर मला कळवावं, मी गावोगाव जाऊन सांगेन.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. वेचणीचा हंगाम संपत आला की बाहेरगावी गेलेली माणसं परतायला लागतात. त्या आधी आपल्या ग्रामीण पानावर एक चौकट छापावी. त्यात लिहावं, की एचआयव्हीच्या गोळ्या सुटल्या असतील तर लाजू नका, रागावणार नाही, परत या; येताना सीडीफोर आणि बुरशीची पट्टी दोन्ही मागा. आणि गोळ्या घेणाऱ्या माणसाचं डोकं सलग काही दिवस दुखत असेल, पॅरासिटामॉलनं थांबत नसेल, ओकाऱ्या होत असतील, मान आखडली असेल, एकाचे दोन दिसत असतील, बोलणं बदललं असेल, तर त्याला गावात कुठंही न नेता थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या आणि तिथं आधी सांगा की हा एआरटीवर आहे. डॉक्टरला हे कळलं की बुरशीचा विचार होतो. लपवलं की होत नाही. डॉक्टरला सांगितलेलं बाहेर जाणार नाही, तसा कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

चौकटीत आजाराचं नाव मराठी अक्षरांत मोठं छापावं, म्हणजे लोक कात्रण काढून खिशात ठेवतील आणि दवाखान्यात दाखवतील: क्रिप्टोकॉकस. तपासणीचं नाव: क्रॅग.

आपली नम्र,
एक वाचक, जि. यवतमाळ
(नाव आणि पत्ता आपल्या कार्यालयाला वेगळा कळवला आहे. घरात लग्नाच्या वयाची मुलगी आहे, म्हणून कृपया छापू नये.)